गाडीखालचा डाग

गणपतीच्या आदल्या आठवड्यात आईनं अंगण घासायला घेतलं आणि गाडीच्या मागच्या डाव्या चाकाखालच्या डागापाशी येऊन ती थांबली. साबण झाला, सोडा झाला, लाकडाचा भुसा टाकून रात्रभर ठेवून झाला. डाग जागचा हलेना. "तुमच्या गाडीनं माझं अंगण खाल्लं," ती म्हणाली. अप्पा पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं. मी चहा पीत होते, मी कपात बघितलं. तो डाग कसला आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, आणि आम्ही दोघंही गप्प बसलो.

गाडी म्हणजे आमची प्रीमियर पद्मिनी, १९८४ ची. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. हीच गाडी १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून आली आणि सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं, पण बेळगावात तिला अजून सगळे 'फियाट'च म्हणतात. १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. अप्पांनी ती १९९१ मध्ये शाळेतल्या एका सहकाऱ्याकडून जुनी घेतली. मला दवाखान्यातून घरी आणलं ते हिच्यातूनच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा दादानं पुण्याहून ती बातमी घरच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "अप्पा, आता आपलीही देऊन टाका." अप्पांनी उत्तर दिलं नाही. त्यानंतर घरात गाडीबद्दल काही वाईट बोलायचं नाही, असा एक न ठरवलेला नियम झाला.

गणपती गेले आणि दुसऱ्याच आठवड्यात तो प्रकार घडला. पाऊस भुरभुरत होता. आई मागं बसली होती, मी पुढं, अप्पा चालवत होते. तिसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडं पुढची रिक्षा अचानक थांबली, अप्पांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी उजवीकडं ओढली गेली. समोरून स्कूटरवर एक बाई येत होती, पुढं उभं केलेलं शाळेचं पोर. तिनं स्कूटर मातीत घातली म्हणून निभावलं. पोर रडायलासुद्धा विसरलं होतं. अप्पांनी खाली उतरून त्या बाईंना हात जोडले. घरी येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

रविवारी सकाळी मी चाक उघडलं. मी उद्यमबागमधल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी विभागात आहे. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेले भाग मोजायचे आणि नापास करायचे, हे माझं काम. गाडीचं काम अप्पांनी शिकवलं ते दादाला. मी बाजूला उभी राहून पाने द्यायचे. पण पाने देणाऱ्यालाही बरंच दिसत असतं. आमचे जुने मिस्त्री आता थकलेत, आणि नव्या गॅरेजमध्ये फियाट म्हटलं की पोरं आधी फोटो काढतात आणि मग नाही म्हणतात. त्यामुळं घरीच करायचं ठरलं.

ड्रम निघाल्यावर आतलं दृश्य बघून पोटात गोळा आला. ब्रेक शू काळेकुट्ट, ओले, बोटानं दाबले तर तेल वर येत होतं. डाव्या चाकाला ब्रेक जवळजवळ नव्हताच. उजवं चाक एकटंच धरत होतं, म्हणून गाडी उजवीकडं ओढली गेली.

इथं एक गोष्ट तपासावी लागते. चाकाच्या आत ओल दिसली तर ती दोन ठिकाणांहून आलेली असू शकते. एक म्हणजे ब्रेक ऑइल, चाकातल्या छोट्या सिलिंडरमधून गळणारं. ते पातळ असतं आणि पाण्यात मिसळतं. दुसरं गिअर ऑइल, ज्याला गॅरेजमध्ये 'नव्वद नंबर' म्हणतात. ते दाट असतं, पाण्यावर तरंगतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. मी वाटीभर पाण्यात थेंब टाकला. तो वर आला आणि तसाच तरंगत राहिला. वासानं तर आधीच सांगितलं होतं.

हे तेल तिथं येतं कसं? मागच्या दोन चाकांच्या मधोमध गाडीखाली जो लोखंडी गोळा दिसतो, तो डिफरन्शियल. त्याच्या दोन्ही बाजूंना पोकळ नळ्या असतात आणि प्रत्येक नळीत एक दांडा फिरतो, तो हाफशाफ्ट. चाक त्याच्या जोरावर फिरतं. गोळ्यातल्या दातांना तेल लागतं आणि ते तेल नळीतून चाकाकडं सरकू बघतं. त्याला अडवायला नळीच्या टोकाशी एक ऑइल सील बसवलेलं असतं. पत्र्याचं कडं, त्यात रबराचा पातळ ओठ, आणि ओठाला शाफ्टवर दाबून धरणारी बारीक स्प्रिंग. एवढ्याशा ओठावर सगळी भिस्त असते. रबर म्हातारं होऊन कडक झालं की तेल बाहेर येतं, आणि बाहेर आल्यावर त्याला भेटणारी पहिली गोष्ट म्हणजे ब्रेक.

"आत्ताच सुरू झालेलं दिसतंय," मी म्हणाले.

"हो. आत्ताच असेल," अप्पा म्हणाले.

काम तसं अवघड नाही, पण घाईचं नाही. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले, कारण ड्रम काढायचा तर हँडब्रेक सोडावा लागतो. चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. जॅकनं उचलून एक्सेलखाली लोखंडी स्टँड दिला. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उभ्या गाडीखाली कधीच जाऊ नका, वीट सांगून फुटत नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ फुंकून उडवली नाही. ओल्या फडक्यानं पुसली आणि फडकं पिशवीत बांधून टाकून दिलं. ज्या बाजूचं काम आहे तीच बाजू उंच ठेवली, म्हणजे आतलं तेल दुसऱ्या बाजूला राहतं.

मग बेअरिंग धरून ठेवणाऱ्या प्लेटचे नट काढले आणि हाफशाफ्ट ओढायला घेतला. तो हातानं येत नाही. आमच्या शॉपमधल्या लेथवरच्या काकांनी मला एक सरकता घण करून दिला होता. शाफ्टला एक सळई जोडायची आणि तिच्यावरचं जड कडं जोरात मागं आपटायचं. सातव्या-आठव्या दणक्याला शाफ्ट बेअरिंगसकट बाहेर आला. बेअरिंग हातात धरून फिरवलं. खरखर नाही, खेळ नाही. ते सैल असतं तर शाफ्ट थरथरला असता आणि नवं सीलही टिकलं नसतं.

जुनं सील चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं काढलं, ते ज्या भिंतीत बसतं तिला ओरखडा न पाडता. सीलवर तीन आकडे असतात. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. ते घेऊन दुकानात गेलं की गाडीचं नाव सांगायचीही गरज पडत नाही. शाफ्टवर जुना ओठ जिथं घासत होता तिथं एक पुसट खाच पडली होती. नख फिरवलं की अडकायचं. नवं सील त्याच खाचेवर बसलं तर पुन्हा गळणार. म्हणून ते दीड-दोन मिलिमीटर आत बसवायचं ठरवलं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येईल. काकांनी सीलच्या मापाची एक नायलॉनची चकती करून दिली होती. ती वर धरून हळूहळू, चारही बाजूंनी सारखं ठोकलं. स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडं. ओठाला बोटानं तेल लावलं. शाफ्ट परत घालताना अप्पांनी खालून त्याचं वजन पेललं, कारण शाफ्टच्या टोकाचे दाते ओठावरून घासले तर नवं सील तिथंच संपतं. ब्रेक शू मात्र दोन्ही चाकांचे नवे टाकले. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला जुने ठेवले तर गाडी पुन्हा ओढणारच. शेवटी तेलाची पातळी बघितली, थोडं भरलं, आणि संध्याकाळी मी दादाला फोटो पाठवला. त्यानं अंगठा दाखवला.

दहा दिवसांनी फरशीवर नवा डाग होता. डाव्या चाकाखाली, आणि आता उजव्याही.

त्या रात्री मी अंगणात पाटावर बसून त्या दोन डागांकडं बघत राहिले. कारखान्यात एखादा भाग दोनदा नापास झाला तर आम्ही भाग बदलत नाही, कारण शोधतो. पण मला कारण सुचेना. सील बरोबर होतं, बसवलं नीट होतं, माप चुकलं नव्हतं. डिसेंबरात साखळीला मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं आणि अप्पांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आम्ही फियाटनं येणार. साखळीला जायचं म्हणजे चोर्ला घाट उतरायचा. तेलात भिजलेल्या ब्रेकनं, आईला मागं बसवून.

अप्पा टॉर्च घेऊन बाहेर आले. काही न बोलता त्यांनी जिन्याखालच्या पत्र्याच्या पेटीतून एक डबा काढला, नव्वद नंबरचा, अर्धा रिकामा, आणि त्याच्याबरोबर तेल भरायचा पितळी पंप. "पातळी बघूया," ते म्हणाले.

मी डब्याकडं बघत राहिले. माझा डबा डिकीत होता, पोत्याखाली.

"हा कधीचा?"

"मार्चपासून. दर पंधरा दिवसांनी थोडं भरतो. तू कामावर गेलीस की."

मी डिकीतून माझा डबा आणून त्यांच्या डब्याशेजारी ठेवला. "मी एप्रिलपासून. तुम्ही दुपारी झोपलात की."

अप्पा हसले नाहीत, मीही नाही. दारात उभी असलेली आई तेवढी म्हणाली, "म्हणजे दोघं मिळून तेल भरताय, आणि मी फरशी पुसतेय."

मग आम्ही हिशेब केला. मी दर वेळी बूच उघडून बघायचे तर पातळी थोडीशीच उतरलेली असायची, म्हणून मी समजत होते की गळती किरकोळ आहे. अप्पांनाही तसंच वाटत होतं. खरं तेल किती जातंय हे दोघांनाही कळत नव्हतं, कारण प्रत्येकाला दुसऱ्यानं भरलेलंच दिसत होतं. त्यांना भीती होती की गळती कळली तर मी दादाच्या बाजूनं बोलेन आणि गाडी जाईल. मला भीती होती की कळलं तर ते बहात्तराव्या वर्षी, हृदयाच्या नळीत स्टेंट असताना, गाडीखाली जातील.

"तिसऱ्या गेटपाशी त्या दिवशी," मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं तेल गळतंय ते?"

"होतं," ते म्हणाले. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुला?"

मला रागावायचं होतं, पण जागा नव्हती. मलाही ठाऊक होतं. तेल चाकात उतरलं की ब्रेकला लागतं, हे मला पाने देत उभं राहायच्या दिवसांपासून ठाऊक होतं. तरी मी पुढच्या सीटवर बसले, आईला मागं बसवलं, आणि अप्पांना किल्ली दिली. ते स्कूटरवरचं पोर त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या डोळ्यांसमोर होतं. आमच्या दोघांच्या प्रेमळ गप्प बसण्याची किंमत त्यानं दिली असती.

आता सगळं उघड्यावर आल्यावर कारण सापडायला अर्धा तास लागला.

अप्पांनी पहिला प्रश्न विचारला, "तू तेल भरतेस ते गाडी कुठं उभी करून?"

"इथंच."

"मीही इथंच." आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

आमच्या अंगणाला रस्त्याकडं उतार आहे. जुन्या वाड्यात अंगण सपाट होतं, तिथं ही भानगड नव्हती. तेल भरायचं भोक डिफरन्शियलच्या मागच्या अंगाला असतं आणि सपाट जमिनीवर त्या भोकाच्या कडेपर्यंत तेल आलं की पुरे. पण गाडीचं तोंड उताराला असलं की मागची बाजू उचलली जाते, तेल पुढं जमतं, भोक वर राहतं आणि 'भरलं' वाटेपर्यंत जास्तीचं तेल आत गेलेलं असतं. आम्ही गाडी ढकलत समोरच्या सपाट रस्त्यावर नेली आणि बूच उघडलं. करंगळीएवढी धार लागली. खाली ठेवलेल्या ताटलीत पाव लिटरच्या वर तेल आलं.

दुसरं कारण अप्पांनी बोटानं शोधलं. एक्सेलच्या नळीवर एक छोटंसं टोपण असतं, ब्रीदर. गाडी चालली की आतलं तेल तापतं, हवा फुगते आणि ती या टोपणातून बाहेर जाते. आमचं टोपण चिखल आणि गंजानं गच्च बुजलं होतं. हवेला वाट नाही, आत तेल जास्त, मग तो सगळा दाब सीलच्या पातळ ओठावर. सील कितीही चांगलं असलं तरी ते तेल अडवण्यासाठी असतं, दाब अडवण्यासाठी नाही. मी भाग बदलला होता, पण गाडीचा श्वास कोंडलेलाच होता.

पुढच्या रविवारी पुन्हा दोन्ही चाकं उघडली. ब्रीदर काढून घासलेटमध्ये भिजवला, तारेनं साफ केला, तोंडानं फुंकून हवा जाते का बघितली. दोन्ही बाजूंना नवी सीलं, आणि भिजलेले महिनाभराचेच शू फेकून पुन्हा नवे. ते टाकताना जीव तुटला, पण तेल प्यायलेला लायनर धुऊन वापरता येत नाही. वरून कोरडा दिसतो आणि तापला की तेल सोडतो. जुनं तेल कॅनमध्ये भरून गॅरेजला दिलं, गटारात ओतलं नाही. नवं तेल रस्त्यावर, सपाट जागी भरलं. अप्पा गाडीखाली गेले नाहीत. ते स्टुलावर बसून मला पाने देत होते, आणि मी मागायच्या आधी बरोबर नंबरचा पाना हातात येत होता.

आधी जांबोटीपर्यंत जाऊन आलो. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरला, सकाळी बघितला. कोरडा. आठवडाभर कोरडाच.

डिसेंबरात आम्ही फियाटनं साखळीला गेलो. कणकुंबीला चहाला थांबलो. मलप्रभा तिथंच उगम पावते, आई देवळात जाऊन आली. निघताना अप्पा ड्रायव्हरच्या बाजूला गेले, थबकले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "घाट तू उतरव. मला संध्याकाळचं नीट दिसत नाही हल्ली."

हेही त्यांनी कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. मी फक्त "बरं" म्हणाले.

मी दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरले. प्रत्येक वळणावर अप्पांचा उजवा पाय त्यांच्या बाजूच्या रिकाम्या पत्र्यावर दाबला जात होता. गाडी एकदाही कुठल्या बाजूला ओढली नाही. साखळीला पोचल्यावर मांडवात जायच्या आधी आम्ही दोघं मागच्या चाकांपाशी वाकलो आणि हात जवळ नेऊन बघितलं. दोन्ही ड्रम सारखेच तापलेले, दोन्ही कोरडे. मामी दारातून म्हणाली, "अहो, आधी पाय तरी धुवा की!"

आता जिन्याखालच्या पेटीवर एक शंभर पानी वही दोरीनं बांधलेली आहे. तारीख, किलोमीटर, काय केलं, कुणी केलं. कारखान्यातली माझी सवय. अप्पांनी सुरुवातीला नाक मुरडलं होतं. पण आता नोंदी बहुतेक त्यांच्याच असतात, शाळेच्या हजेरीपटासारख्या वळणदार अक्षरात. गेल्या महिन्याची एक अशी आहे: "पातळी पाहिली. सपाट जागी. तेल भरले नाही. गरज नाही." आणि त्याखाली, वेगळ्या शाईनं: "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सोमवारी. हिला सांगितले आहे."

जुना डाग मात्र फरशीवरून गेला नाही. आईनं त्यावर तुळशीची कुंडी आणून ठेवली, आणि गाडी आता हातभर पुढं उभी राहते.